पट्टी तीच

आमच्या गल्लीत फरशीवर गोटी ठेवली तर ती आपसूक मागच्या भिंतीकडे निघते. कुणाच्याही घरात ठेवून बघा. टेबलांच्या दोन पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या असतात, पाहुण्याला आधीच सांगावं लागतं की खुर्ची भिंतीला टेकवून बस, आणि दारं तर वर्षाआड सुताराकडून तासून घ्यावी लागतात, नाहीतर आतला माणूस आतच. शहराच्या मधल्या भागातले लोक हे ऐकून हसतात. हसू देत. त्यांचंच जुनं शहर आमच्या पायांखाली पुरलंय, हे त्यांच्या गावीही नसतं.

इथे पूर्वी तळं होतं. शहराच्या अगदी टोकाला, जिथे बस वळून परत जाते तिथे. मधल्या भागात रुंद रस्ता काढायचं ठरलं तेव्हा तिथली जुनी घरं पाडली आणि तो सगळा मलबा गाड्या भरभरून या तळ्यात आणून ओतला. माझे बाबा तेव्हा ऐन तारुण्यात होते. गाड्या रिकाम्या करायच्या आणि वरून धुमस घालून जमीन ठोकायची, हे त्यांचं काम. तळं बुजलं, मग कामावरच्या लोकांनाच तिथे जागा मिळाल्या, आणि बाबांनी स्वतः ठोकलेल्या जमिनीवर स्वतःचं घर बांधलं. अजूनही नळासाठी खणलं की कुणाच्या तरी न्हाणीघराची निळी फरशी, पितळी कडी, बशीचा फुटका काठ असं काहीबाही वर येतं. माझ्या दुकानाच्या उंबऱ्याला तसल्याच निळ्या फरश्या आहेत. कुणी आमच्या जमिनीला नावं ठेवली की बाबा म्हणायचे, "मी नाचलोय तिच्यावर. हलायची असती तर तेव्हाच हलली असती."

माझं दुकान काचेचं, गल्लीच्या तोंडाशी. खिडक्यांच्या काचा, आरसे, फोटोच्या चौकटी. गल्ली मला काचताई म्हणते. मागच्या खोलीत मी एकटी राहते. नवऱ्याचं विचारू नका, तो या गोष्टीत नाही आणि संसारातही फारसा नव्हता.

आता पट्टीचं सांगते, कारण सगळा घोळ तिचाच. भिंतीला तडा गेला की तो जुना आहे की अजून वाढतोय, हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. म्हणून तड्यावर आडवी, बोटभर रुंद काचेची पातळ पट्टी बसवतात आणि तिची दोन्ही टोकं बांधकामाच्या मसाल्यात पक्की करतात. भिंत हलली की काच तुटते. काच वाकत नाही, ताणली जात नाही, कुणाची भीडही धरत नाही. पालिकेचे साहेब वर्षातून दोनदा येऊन या पट्ट्या बघतात. पट्टी अखंड असली तर घर ठीक. तुटलेली असली तर दारावर लाल गोल, आणि बिऱ्हाड उचलून बाहेरच्या रस्त्यापलीकडे, तात्पुरत्या वसाहतीत. तात्पुरती म्हणजे कधीपर्यंत, हे विचारायला गेलेली मंडळी तिथेच म्हातारी झाली. आमच्या पुढची एक अख्खी रांग तिथे गेली, ती अजून परतायची आहे.

मग गल्लीने काय केलं? पट्टी तुटली की गुपचूप नवी बसवायची. काच माझ्याकडूनच जायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "ताई, बोटभर रुंद, वीतभर लांब. फोटोला हवीय." असला बोटभर फोटो कुणाचा असतो, हे मी कधी विचारलं नाही. साहेब खूण म्हणून पट्टीच्या कोपऱ्यात दोन बारीक रेघा ओढून ठेवायचे. काच कापायच्या हिऱ्याने त्याही मी ओढून द्यायचे, आणि खरं सांगते, साहेबांपेक्षा बऱ्या यायच्या. पट्टीसाहेब म्हणायची गल्ली त्यांना. दर घरात येऊन ते एकच प्रश्न विचारायचे, "पट्टी तीच?" घरातलं मोठं माणूस म्हणायचं, "तीच." साहेब मान हलवून पुढच्या दारात. एवढ्याशा त्या शब्दावर आमची गल्ली उभी होती.

बाबांचं घर गल्लीच्या मध्यावर. तिथे बाबा, दादा, वहिनी आणि त्यांची मुलगी चिमणी. दादा बस डेपोत तिकिटांच्या खिडकीवर, वहिनी कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायला, चिमणी पहिलीत. तडा मधल्या खोलीच्या भिंतीत. ती भिंत आमची आणि शेजारच्या मावशींची एकच, तडाही आरपार; त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली की ती आमच्या तड्यातून ऐकू यायची. त्याच भिंतीला लागून चिमणीची खाट होती, कारण खोलीत खाट मावेल अशी दुसरी जागाच नव्हती.

गेल्या वर्षी वरच्या अंगाला उंच इमारतींचे पाये खणायला घेतले आणि खड्ड्यात झिरपणारं पाणी उपसायला पंप लावले. दिवसभर त्यांची घरघर. तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता अशी नाही. ट्रक गेला की दुकानातले आरसे किणकिणायचे आणि माझं काळीज त्यांच्यासोबत. हातातलं काम टाकून मी बाबांच्या घरी जायची. निमित्तं काय कमी असतात? कधी कात्री मागायला, कधी डबा द्यायला. जाऊन आधी तडा बघायचा. बाबा म्हणायचे, "तुला घरात माणसं दिसत नाहीत का गं? आल्या आल्या भिंतीचं तोंड बघतेस."

एकदा अशीच गेले तर पट्टी मधोमध तुटलेली. बाबा बस थांब्यावरच्या बाकावर त्यांच्या जुन्या मित्रांत बसले होते, दादा-वहिनी कामावर. बाबांना कळलं तर ते हाय खातील, असं मनात आलं. त्यांनी ठोकलेली जमीन ना ती. धावत दुकानात जाऊन पट्टी कापली, रेघा ओढल्या, पांढऱ्या प्लास्टरमध्ये बसवली आणि भिंतीच्या रंगाचा हात मारून ठेवला. पुढे काही महिन्यांनी पुन्हा एकदा तेच. वर्षात दोनदा तुटली, जुनी घरं एवढी तर कुरकुरणारच, अशी मी मनाची समजूत घातली. समजूत घालण्यात आमचं घराणं पटाईत.

या खेपेला साहेब येण्याच्या आधीच्या पंधरवड्यात, भर दुपारी, मी किल्लीने दार उघडून आत गेले. पट्टी पुन्हा तुटलेली. आता नवी पट्टी काही केल्या नीट बसेना, एका टोकाला मसाल्याचा उंचवटा आडवा येत होता. आधी दोन्ही वेळा मी चोरासारखी घाईत होते, एक कान दाराकडे, वरवरचं खरवडून मोकळी झाले होते. या वेळी छिन्नी घेतली आणि उंचवटा मुळापासून काढायला लागले.

रंगाखाली सिमेंट निघालं. मी सिमेंट कधीच वापरलं नव्हतं. सिमेंटखाली काळपट लुकण, नळाची गळती थांबवायला लावतात ती. तिच्याखाली माझं पांढरं प्लास्टर, मग पुन्हा सिमेंट, मग दोन नळ्यांतून पिळून मिसळतात तो पिवळट डिंक, पुन्हा लुकण, पुन्हा सिमेंट. कांदा सोलावा तसे थर निघत गेले आणि प्रत्येक थरात काचेचा एक तुकडा चावून धरलेला. माझे पांढरे थर त्यात दोनच. बाकीचे मोजायचं मी अर्ध्यात सोडून दिलं. मी चिमणीच्या खाटेवर बसले, आणि बसल्यावर ध्यानात आलं की आपण कुठे बसलोय, तशी ताडकन उठले.

रविवारी सगळी घरात असताना मी ते ढेकूळ वर्तमानपत्रावर घेऊन टेबलावर ठेवलं. चिमणीला आधीच मावशींकडे खेळायला पाठवलं होतं.

"हे काय?" दादाने विचारलं.

"तूच सांग. पिवळा डिंक कुणाचा?"

दादाने ढेकळाकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. अंगठ्याला अजून चिकटलेला होता, लपवणार कुठे. "एकदाच," तो म्हणाला. "बरं, दोनदा. काच डेपोजवळच्या दुकानातून आणली. हिला कळलं असतं तर हिने त्याच दिवशी माहेरची वाट धरली असती."

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली. "मला कळलं असतं तर?" ती म्हणाली. "ती काळी लुकण माझी आहे, काच कारखान्याजवळच्या दुकानातली. कारखान्यात जायच्या आधी, सकाळच्या पारी. मी बाबांसाठी करत होते. म्हटलं, या वयात यांना कुठे हलवायचं."

आता सिमेंटवाल्याचं नाव घ्यायची गरजच नव्हती. बाबा खुर्चीत मान खाली घालून बसले होते.

"बाबा," मी म्हटलं, "काच माझ्याकडून नेली नाहीत. मग कुठून आणलीत?"

वहिनीच्या ध्यानात आधी आलं. तिने समोरच्या भिंतीकडे मान वळवली. तिथे आईचा फोटो लावलेला आहे, मोठा, चांगला दीड हात. त्याची काच बाबांनी मागे कधीतरी काढली होती. मी नवी बसवून देते म्हणाले होते, तर म्हणाले, नको, काच चकाकते, ती दिसत नाही. मी ऐकलं आणि विसरून गेले. बायकोच्या तोंडावरची काच काढून त्या माणसाने तिच्या पट्ट्या केल्या होत्या, माझ्याच जुन्या हिऱ्याने. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच, आणि त्या दोघांतून राग आधी बाहेर पडला.

"शाब्बास," मी म्हटलं. "चौघं एकमेकांना जपतोय. मी यांच्यासाठी, हे माझ्यासाठी, हा हिच्यासाठी, ही यांच्यासाठी. आणि ज्याला त्याला वाटतंय की पट्टी वर्षातून एकदोनदाच तुटते. अहो, ती महिन्याच्या महिन्याला तुटतेय. आणि तिच्याखाली पोरगी झोपतेय."

वहिनी उठली. तिने एकटीने खाट ओढत स्वयंपाकघरात नेली, मधे येणारं टेबल दाराबाहेर काढलं आणि परत येऊन म्हणाली, "आता बोला काय बोलायचं ते."

दादाचं म्हणणं, थोडं थांबू, साहेब येऊन जाऊ देत, तोवर मी कुठे भाड्याची खोली बघतो. त्याचं बघणं आम्हाला माहीत आहे; स्वतःचा चष्मा सापडायला त्याला शेजारी लागतात. वहिनी म्हणाली, आजच जाऊ, वसाहतीत तर वसाहतीत. बाबा म्हणाले, "घाई करू नका. आपण चौघांनी चार हातांनी बसवलेली पट्टी, कुणाची कच्ची असेल, कुणाची ताणलेली. त्यावरून भिंतीला दोष लावता येत नाही. एक पट्टी नीट बसवू, सगळ्यांच्या समोर. आणि तिला कुणी हात लावायचा नाही."

याला मला नाही म्हणता येईना. मी दुकानातून काच आणली, जुना सगळा मसाला भिंतीपर्यंत खरवडून काढला आणि तिघांच्या देखत पट्टी बसवली. बाबांनी स्वतः बोटाने टोकं दाबली. रेघा मी ओढल्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्या घरातल्या सगळ्यांना एकाच पट्टीबद्दल एकच गोष्ट माहीत होती.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. मी दुकानात असून नसल्यासारखी. एका गिऱ्हाइकाची खिडकी उलटी मोजली, दुसऱ्याला आरशाऐवजी साधी काच बांधून दिली. तो परत आला आणि म्हणाला, ताई, यात मी दिसत नाही. बाबा बाकावर जायचे बंद झाले. त्यांनी खुर्ची भिंतीसमोर ओढून घेतली आणि दिवसभर तिच्याकडे बघत बसायचे. वहिनी येता-जाता बघायची. दादा बघायचा नाही, पण कामावरून आला की पहिला प्रश्न, "आहे ना?"

आठवडाही पुरा झाला नाही. शाळेत निघालेली चिमणी दप्तर घेऊन खोलीतून आली आणि म्हणाली, "आजोबा, पट्टीचा दात पडला." तिचे स्वतःचे पुढचे दोन तेव्हाच पडले होते, त्यामुळे तिला त्यात वाईट काही वाटलं नाही. बाबांनी जवळ जाऊन बोट फिरवलं. एक तुकडा सुटून खाली पडला होता.

मी गेले तेव्हा ते तसेच उभे होते. मला म्हणाले, "आम्हाला सांगितलं होतं, दगडच टाका. पण गाडीतून जे येईल ते येईल, मुकादमाला काम उरकायचं होतं. आपल्या रांगेखाली दारं आहेत, तुळया आहेत. अख्खीच्या अख्खी दारं, कड्यांसकट. वरून मी धुमस घातली. लाकूड पाण्यात होतं तोवर टिकलं. आता पाणीच उपसतायत ते." मग पडलेला तुकडा उचलून म्हणाले, "मला वाटायचं, आपण असेपर्यंत धकेल."

"मग साहेबांना सांगायचं?" मी विचारलं.

"बघू," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सांगू म्हणाले, संध्याकाळी नको म्हणाले, त्यानंतर पुन्हा बघू. त्यांचं असं तळ्यात-मळ्यात चाललेलं, आणि साहेब सोमवारी यायचे होते.

भिंतीला तडा असला की गुपित राहत नाही. शनिवारी मावशी माझ्या दुकानात आल्या. माझी आई गेली तेव्हा मी बारकी होते. माझ्या वेण्या या बाईने घातल्यात, शाळेचा डबा या बाईने भरलाय. त्यांचे यजमान, आमचे काका, आता बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेले. मावशी स्टुलावर बसल्या आणि लगेच उठल्या, पुन्हा बसल्या.

"तुमच्याकडे काय चाललंय ते मला ऐकू येतं," त्या म्हणाल्या. "सगळंच ऐकू येतं, त्याला माझा इलाज नाही."

"मावशी, पट्टी आठवडाभरसुद्धा टिकत नाही."

"माझीही टिकत नाही. तुझ्याकडूनच नेते ना मी काच?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या दारावर लाल गोल काढला की साहेब माझी पट्टी हाताने चाचपून बघणार. भिंत एकच आहे. मग मी यांना कुठे नेऊ? त्या वसाहतीत जिना आहे बाहेरून, लोखंडी, नागमोडी. या माणसाला त्यावरून कसं चढवायचं, तूच सांग. एक वेळ निभावू दे. यांचं काय, आज आहेत, उद्या नाहीत. तोवर थांबा. मग काढा म्हणावं कितीही गोल."

त्या गेल्या आणि मी काचेवर बोटाने उगीच रेघा ओढत बसले. आमच्या घरात एक पोरगी होती आणि त्यांच्या घरात एक माणूस. कुणाचा जीव हातात धरायचा आणि कुणाचा सोडायचा, हे ठरवायला मला कुणी नेमलं होतं? रविवार असाच गेला. बाबांच्या घरी मी गेलेच नाही, आयुष्यात पहिल्यांदा.

आणि सोमवारी सकाळी उठून मी एक पट्टी कापली. हो, मीच. आधीच्या रविवारी ढेकूळ टेबलावर ठेवून सगळ्यांवर ताशेरे झाडणारी मीच. दोन रेघा ओढल्या, पिशवीत पट्टी ठेवली, प्लास्टरची पुडी ठेवली आणि निघाले. खाट तर स्वयंपाकघरात गेलीच आहे, मी स्वतःला सांगत होते. एक खेप निभावून नेऊ. मग काढू काहीतरी मार्ग.

बाबांच्या घराचं दार सताड उघडं होतं. मधल्या खोलीत बाबा खुर्चीवर बसलेले, धुतलेला सदरा, केस विंचरलेले, पाठ थेट त्या तड्याला. तुटलेली पट्टी त्यांच्या डोक्याच्या वर. दादा आणि वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभे, दोघांनीही कामावर दांडी मारलेली.

बाबांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं. "काय आणलंस?"

"काही नाही."

"दाखव."

मी पट्टी काढून दाखवली. त्यांनी ती घेतली नाही आणि खुर्चीवरून उठलेही नाहीत. "ठेव ती परत," ते म्हणाले. "चांगल्या रेघा ओढल्यास. पण आज नाही. आज या भिंतीला कुणी हात लावायचा नाही, तूसुद्धा नाही."

"मावशी काय म्हणतील?"

"मी सकाळीच गेलो होतो तिच्याकडे. म्हटलं, सगळ्यांच्या आधी तुला सांगतोय, मी आज साहेबाशी खोटं बोलणार नाही. जमीन मी ठोकलीय. ती धरून ठेवेल असं सगळ्यांना सांगत आलोय मी. ती धरत नाहीये, हेही मीच सांगायला हवं."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"काही नाही. दार लावून घेतलं."

मला बसवेना. मी दारातून खिडकीत, खिडकीतून दारात अशी येरझारा घालत राहिले. वहिनी दोनदा म्हणाली, ताई, बसा. दादा चष्मा पुसत होता, पुसलेला पुन्हा पुसत होता. शेवटी गल्लीत बुटांचा आवाज आला आणि अलीकडच्या घरातून ओळखीचा प्रश्न, ओळखीचं उत्तर. मग साहेब आमच्या दारात.

पट्टीसाहेब आता चांगलेच पिकले होते, निवृत्तीला आले होते. हातात कागदांची पाटी, खिशाला पेन. वर्षानुवर्षं बघितलेली भिंत ते आता बघतच नसत. पाटीवर मान खाली घालून, आमच्या घराची ओळ शोधत त्यांनी विचारलं, "पट्टी तीच?"

बाबा उठून बाजूला झाले.

"तीच," ते म्हणाले.

साहेबांचं पेन कागदावर टेकलं आणि थांबलं. बाबा बाजूला का झाले, असं वाटलं असेल. त्यांनी मान वर केली. तुटलेल्या पट्टीकडे पाहिलं, जवळ गेले, चष्मा कपाळावर ढकलून पाहिलं, दोन रेघांवरून अंगठा फिरवला. मग बाबांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या घरात तो शब्द पहिल्यांदा तुटलेली पट्टी न बदलता बोलला गेला होता, आणि मला वाटतं, ते साहेबांनाही कळलं.

"केव्हापासून?" त्यांनी हळूच विचारलं.

"ही गेल्या आठवड्यात तुटली," बाबा म्हणाले. "हिच्या आधीच्या मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल."

साहेब रागावले नाहीत. त्यांनी तड्यात बोटाचं टोक घालून पाहिलं, ते गेलं. मग म्हणाले, "मुलं आहेत घरात?"

"एक नात आहे."

"आज रात्री इथे कुणी झोपायचं नाही," साहेब म्हणाले. "वसाहतीत तळमजल्याच्या काही खोल्या आहेत, म्हातारे आणि आजारी यांच्यासाठी ठेवलेल्या. कुणी मागत नाही, कारण कुणी जायलाच तयार नसतं. मी तुमच्यासाठी लिहितो." त्यांनी तड्याकडे पाहिलं. "या भिंतीपलीकडे कोण आजारी आहे ना?"

"काका आहेत," मी म्हटलं. "मावशींना सांगा तळमजल्याचं. आधी तेच सांगा, मग विचारा."

साहेबांनी मान हलवली. बाहेर जाऊन त्यांनी दारावर लाल गोल काढला. खडूसारखा तो आवाज आम्ही चौघांनी आतून ऐकला. वहिनीने लगेच कपाट उघडलं आणि चिमणीचे कपडे काढायला सुरुवात केली. दादा रडत होता, चष्मा हातात धरून, आणि लपवायचा प्रयत्नही करत नव्हता.

बाबा खुर्चीवर चढले. मी धावले, पडाल म्हटलं. त्यांनी आईचा फोटो खिळ्यावरून उतरवला, सदऱ्याच्या बाहीने पुसला आणि माझ्या हातात दिला. "याला काच बसवून दे," ते म्हणाले. "चकाकली तर चकाकू दे."

फोटो छातीशी धरून मी तड्याजवळ उभी राहिले. पलीकडे साहेबांचा आवाज येत होता, आधी काहीतरी लांबलचक, त्यात तळमजला हा शब्द दोनदा आला. मग त्यांचा तो नेहमीचा प्रश्न. काकांच्या खाटेची कुरकुर ऐकू आली, वरच्या अंगाच्या पंपांची घरघर ऐकू आली. माझ्या पिशवीतली पट्टी अजून तशीच होती, अखंड.

"नाही," मावशी म्हणाल्या. "ती नाही, साहेब. ही मी काल बसवली."